पाच कप्प्यांचा कार्डांचा डबा : सात महिने रोज वापरल्यावर

शिक्षण सुटल्यावर सोळा वर्षांनी मी लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते सहा एका दवाखान्यात रिसेप्शनला पार्टटाइम नोकरी, आणि त्यानंतर घर. घरात अकरा वर्षांची मुलगी आहे, सासरे आहेत, नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. यात अभ्यासाला वेळ मिळतो का, असं विचारणारे खूप भेटतात. मिळतो, पण चिल्लरीत मिळतो. बसमध्ये दहा-बारा मिनिटं, दवाखान्याचं काउंटर उघडायच्या आधी पाच, मुलगी अंघोळीला गेली की सात-आठ. पहिले तीन महिने ही चिल्लर मी मोजलीच नाही. रविवारी सलग दोन तास बसू, असं म्हणत राहिले, आणि रविवार उजाडला की आठवडाभर साठलेली घरातली कामं आधी समोर उभी राहायची. पहिल्या टेस्टला हिमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्ताच्या अभ्यासाच्या विषयात, मी काठावर पास झाले. त्याच आठवड्यात हा डबा घेतला.

पुठ्ठ्याचा आहे, वरून कापड चिकटवलेलं. लांबी ३० सेंटिमीटर, आत पाच कप्पे, सोबत ३ बाय ५ इंचांची २०० कोरी कार्डं आणि वापरायचं एक माहितीपत्रक. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे डबे बरेच जण बनवतात आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल.

ही कल्पना सेबास्टियन लाइटनर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराची. १९७२ साली त्याने ती पुस्तकातून मांडली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यातून सुरू होतात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं. चुकलं की कितव्याही कप्प्यात असो, थेट पहिल्यात परत. पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे. त्यामुळे जे येत नाही ते सारखं हातात येतं आणि जे पक्कं झालंय ते वेळ खात नाही. नियम एवढाच.

यामागचं कारण मला माझ्याच अनुभवावरून पटलं. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग स्वतःवरच केले होते : निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने त्याच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसाने ३४ टक्के, आणि तब्बल ३१ दिवसांनीसुद्धा २१ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्याच दिवशी होते. सोमवारच्या लेक्चरला सगळं समजलं म्हणून मी वही मिटायची आणि रविवारी उघडायची. गळती होऊन गेल्यावर बादली लावण्यासारखं होतं ते.

दुसरी चूक वहीवर पिवळा मार्कर फिरवत पुन्हापुन्हा वाचायची. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना ‘हे येतंय आपल्याला’ असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं खरंही असतं. कार्ड हातात घेतलं की मात्र उत्तर मागच्या बाजूला असतं आणि आधी आपल्याला तोंड उघडावं लागतं.

आता डब्याबद्दल, आणि आधी तक्रार. यातले पाचही कप्पे सारखे आहेत, प्रत्येक ६ सेंटिमीटरचा. लाइटनरच्या मूळ डब्यात ते सारखे नव्हते. पहिला १ सेंटिमीटर, मग २, ५, ८ आणि शेवटचा १४. हे मला नंतर कळलं. तोवर पहिल्या शनिवारी उत्साहाने १८० कार्डं लिहून पहिल्या कप्प्यात भरली होती आणि ती आरामात मावलीही. सोमवारी बसमध्ये डबा उघडला. पस्तीस कार्डं झाली आणि उतरायचा स्टॉप आला. मंगळवारी पुन्हा तीच पस्तीस वरती. कारण चुकलेली मी पुढे ठेवत होते. मागची दीडशे तशीच. चार दिवसांत डबा बघितला की छातीवर ओझं यायला लागलं.

मग जाड पुठ्ठ्याचा तुकडा कापला आणि पहिल्या कप्प्यात आडवा घातला. जागा उरली एक सेंटिमीटर. माझी कार्डं तेवढ्यात चाळीसएक बसतात. चाळीस भरली की नवीन कार्ड घालायला जागाच नाही, आधीची पुढे सरकवल्याशिवाय इलाज नाही. किती नवीन घ्यायचं हे रोज मी ठरवायचं सोडलं, ते आता पुठ्ठा ठरवतो. हा एक बदल केला नसता तर डबा मी महिन्याभरात माळ्यावर टाकला असता, म्हणून घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं असं मी आग्रहाने सांगेन. दुभाजक सरकवता येणारा डबा मिळाला तर तो घ्या, कापाकापी वाचेल.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची. त्यात वेळापत्रक दिलंय : पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा चौदा. ज्याचे सगळे दिवस सारखे जातात त्याला ते चालेलही. माझे जात नाहीत. दोन महिने मी ते भिंतीवर लावून पाळायचा प्रयत्न केला. मग मुलीला ताप आला, चार दिवस घरीच होते, पाचव्या दिवशी दवाखान्यात दुसरी रिसेप्शनिस्ट रजेवर म्हणून माझी शिफ्ट लांबली. आठवड्याने वेळापत्रक बघितलं तर चार कप्पे एकदम ‘थकलेले’. जवळपास दीडशे कार्डं त्या दिवसाच्या नावावर. त्या संध्याकाळी मी एकही कार्ड उचललं नाही. तापातल्या मुलीजवळ बसले होते तेव्हाही मनात कुठेतरी ‘आज दुसरा कप्पा राहिला’ हे चालू होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मूळ पद्धतीत तारखा नव्हत्याच. कप्पा भरला की तो उघडायचा, एवढंच होतं. म्हणून तर कप्पे लहानमोठे. लहान कप्पा पटकन भरतो, मोठा सावकाश, आणि दोन उजळण्यांमधलं अंतर आपोआप वाढत जातं. मी वेळापत्रक काढून टाकलं आणि बाकीचे कप्पेही आत पुठ्ठे घालून कमीजास्त केले. शेवटच्या दोघांना मूळ मापं काही देता आली नाहीत, जागा तेवढीच होती, पण चढता क्रम जमला. त्यानंतर फरक पडला तो असा की माझ्या वाईट आठवड्यात डबाही थांबतो. मी काम केलं नाही तर कार्डं सरकत नाहीत, कप्पे भरत नाहीत, काही थकत नाही. पुन्हा बसले की जिथे सोडलं तिथूनच. नोकरी, कॉलेज आणि घर असं तिन्ही सांभाळणाऱ्याने तारखांच्या मागे न लागता हीच पद्धत धरावी, हे माझं ठाम मत झालंय. यात एक उणीव आहे, तीही सांगते. नवीन कार्डं घालायची थांबली की मागचे कप्पे भरत नाहीत आणि मग ते कधीच उघडले जात नाहीत. परीक्षेआधी तीन आठवडे चौथा-पाचवा कप्पा हाताने काढून बघावा लागतो.

‘मग फोनवरचं अ‍ॅप का नाही?’ हा प्रश्न वर्गातल्या मुली विचारतात. त्या माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान आहेत आणि त्यांचं अ‍ॅपवर छान चाललंय. उजळणीच्या तारखांचं गणित करणारे संगणकाचे प्रोग्रॅम १९८७ पासून आहेत, आणि ते गणित माझ्या पुठ्ठ्यापेक्षा नक्कीच बारकाईचं असतं. हजारो कार्डं असतील तर अ‍ॅपच बरं. माझ्याकडे आजघडीला पाचशेच्या आत आहेत, काउंटरवर फोन काढायला परवानगी नाही, आणि घरी फोन हातात घेतला की शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज आधी दिसतात. शिवाय कार्ड हाताने लिहिताना निम्मं पाठ होतं.

पूर्ण डबा मी कुठे नेत नाही. सकाळी पहिल्या कप्प्यातली वीस कार्डं रबर लावून पर्समध्ये टाकते. बसमध्ये होतील तेवढी करते. दवाखान्यात शिरताना सगळ्यात वर एक कोरं कार्ड ठेवते आणि त्यावर पेन्सिलीने एक ओळ लिहिते : ‘कोअ‍ॅग्युलेशन, फॅक्टर सातपाशी अडकले.’ (म्हणजे रक्त गोठण्याच्या धड्यात कुठे थांबले ते.) सुरुवातीला ही माझी नुसती सवय होती. पुढे वाचनात आलं की सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली यावरच काम केलंय. अर्धवट सोडलेलं काम मनाचा एक भाग अडवून ठेवतं आणि पुढचं काम त्यामुळे बिघडतं. थांबताना ‘पुन्हा कुठून सुरू करायचं’ हे थोडक्यात लिहून ठेवलं तर हा अडसर कमी होतो, असं २०१८ च्या पुढच्या अभ्यासात दिसलं. मला ते काउंटरवर रोज जाणवतं. ओळ लिहिली नाही त्या दिवशी पहिल्या तासात एखादी अपॉइंटमेंट तरी चुकीच्या वेळेला टाकली जाते. समोरचा माणूस आजारी असतो, तासभर अवघडून बसलेला असतो. त्याच्याकडे पूर्ण लक्ष असणं हा त्याचा हक्क आहे आणि माझं कामही.

आता सासऱ्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण या डब्याचा खरा उपयोग त्यांच्यामुळे कळला. रात्री भांडी आवरताना ते टेबलाशी बसून मला कार्डं विचारतात. त्यांनी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं, विज्ञानाशी संबंध नाही. चष्मा कपाळावर सरकवतात, कार्ड नाकाजवळ धरतात आणि एकेक शब्द सावकाश वाचतात. एके रात्री कार्ड आलं : ‘रक्त घेताना ट्यूबचा क्रम?’ मी झाकणांच्या रंगांनी घडाघडा म्हणून दाखवलं. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली), मग निळी, लाल, हिरवी, जांभळी, करडी. त्यांनी कार्ड उलटलं, बोट ठेवत ठेवत ताडून बघितलं.

‘बरोबर. पण का गं?’

‘का म्हणजे, बाबा? क्रमच तसा आहे.’

‘असा कसा आहे? जांभळी लालच्या आधी घेतली तर बिघडतं काय?’

मी नळ बंद केला. मला सांगता येईना. वर्गात सरांनी सांगितलं होतं, वहीत असणारच, पण डोक्यात फक्त रंग होते. बाबांनी कार्ड पुढे सरकवलं नाही. ‘हे चुकलं धरू,’ म्हणाले आणि पहिल्या कप्प्यात ठेवून दिलं. मला त्या क्षणी राग आला होता. उत्तर तर बरोबर होतं! रात्री साडेअकराला पुस्तक काढून बघितलं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. त्याचा अंश सुईबरोबर पुढच्या लाल ट्यूबमध्ये गेला तर तपासणीत पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम खोटं कमी. एवढ्यावरून एखाद्या पेशंटला नको तो उपचार सुरू होऊ शकतो. तो क्रम म्हणजे पेशंटची काळजी आहे, हे मला तेव्हा कळलं. पाच रंग तर मी दोन महिने म्हणत होते.

त्या दिवसापासून माझ्या कार्डांचं रूप बदललं. मागच्या बाजूला वर उत्तर, खाली एक रेघ आणि रेघेखाली ‘का’. निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेटचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग. का? ट्यूब कमी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ उगाच लांबलेला दिसतो. साखरेच्या तपासणीला करडी ट्यूब. का? नळीतल्या पेशी साखर वापरतच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, फ्लोराइड ते रोखतं. अशी कार्डं लिहायला वेळ जास्त लागतो. दिवसाला पाच-सहाच होतात. पण पहिल्या कप्प्यात परत येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, हे मी स्वतः टिपून ठेवलंय. विकत मिळणारे तयार छापील संच मी एकदा बघितले. त्यात हा ‘का’ नसतो. आयता संच घेऊ नका, कोरी कार्डंच घ्या.

बाबांना आता यातलं बरंच पाठ झालंय. मागच्या महिन्यात मी जांभळी ट्यूब ‘पाच-सहा वेळा हलवायची’ असं म्हणाले, तर कार्ड न उलटता त्यांनी मान हलवली. ‘हलवायची नाही, उपडी करायची. हळूच. आठ ते दहा वेळा.’ मुलगी तिच्या शाळेच्या अभ्यासातून मान वर करून हसत होती. मला वेळ नसतो म्हणून घरातल्या माणसांशी बोलणं राहून जातं, ही माझी मोठी खंत होती. त्यातली थोडी तरी या अर्ध्या तासात भरून निघते.

डब्याला जे जमत नाही तेही लिहिते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षेचा भाग, उत्तम झाला. क्रम विचारला, कारण विचारलं, दोन्ही सांगितलं. पण सरावाच्या कृत्रिम हातावर टूर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) बांधून शीर शोधताना माझे हात थांबले. टूर्निकेट एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचं नाही हे कार्डावर मला तोंडपाठ होतं आणि घड्याळात मिनिट उलटून गेलं होतं. हाताचं काम हातानेच शिकावं लागतं. आता मी शुक्रवारी लॅब बंद व्हायच्या आधी चाळीस मिनिटं तिथे थांबते, त्यासाठी दवाखान्यातून त्या दिवसाची शिफ्ट अर्ध्या तासाने पुढे घेतली आहे. मोठ्या आकृत्या, किचकट गणितं, एखादा धडा पहिल्यांदा समजून घेणं, यांतही कार्डांचा उपयोग नाही. समजलेलं टिकवायला आहेत ती. न समजलेलं तुकडे पाडून कार्डांवर उतरवलं तर नुसती घोकंपट्टी होते.

वस्तू म्हणून डबा टिकाऊ आहे. कापडाचे कोपरे थोडे उसवलेत, झाकण अजून घट्ट बसतं. दुभाजक चिकटवलेले आहेत ही मोठी खोट. सोबत आलेली कार्डं पातळ होती, शाईचं पेन वापरलं की मागे उमटायचं आणि उत्तर आधीच दिसायचं. आता मी जाड कार्डं आणते आणि बॉलपेनने लिहिते. हे दोन दोष धरून पाचपैकी चार देते.

पुढच्या सत्राला मायक्रोबायॉलॉजी आहे. पहिली वीस कार्डं काल लिहून ठेवली. ग्राम स्टेनच्या, म्हणजे जंतू ओळखायला त्यांना रंग देण्याच्या पद्धतीच्या, पायऱ्या : क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. प्रत्येकाच्या मागे रेघ मारली आहे आणि तिसऱ्या कार्डाच्या रेघेखाली अजून कोरं आहे, कारण अल्कोहोलने एका जातीच्या जंतूंचा रंग जातो आणि दुसऱ्यांचा का टिकतो हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाबा आज रात्री विचारणार आहेत. बसमध्ये बारा मिनिटं आहेत, तेवढ्यात ते पान वाचून घेते.